पहाटेचा चार्जर

सिल्वासाहून खानवेलमार्गे वळणावळणाच्या रस्त्याने दुधनीला पोचलं की दमणगंगेचं अडवलेलं पाणी एकदम समोर येतं. मधुबन धरणाचा हा फुगवटा. नाशिक जिल्ह्यातल्या सह्याद्रीत उगम पावलेली नदी इथे टेकड्यांच्या पायथ्यांतून पसरून राहिली आहे आणि काश्मिरी धर्तीचे, छपराचे शिकारे पर्यटकांना तिच्यावरून फिरवून आणतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाण्यावर धुकं धरलेलं असतं. पारा 12-15 अंशांपर्यंत उतरतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली जातो. नऊ-दहा वाजेपर्यंत ऊन चढतं आणि दुपारी पुन्हा अंगातला स्वेटर काढावा लागतो.

अशा शिकाऱ्याला विजेची मोटर आणि लिथियमची बॅटरी बसवायची म्हटली, तर थंडीचा विचार करायचा की नाही? बहुतेक जण म्हणतील, सिल्वासा म्हणजे काही श्रीनगर नव्हे. इथे उन्हाचा आणि पावसाचा विचार करा, थंडीचं काय घेऊन बसलात! हे उत्तर निम्मं बरोबर आहे. उरलेलं निम्मं समजून घ्यायला एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवावी लागते: लिथियम बॅटरी थंडीत वापरणं आणि थंडीत भरणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. वापरताना थंडी बॅटरीला मंद करते. भरताना थंडी बॅटरीला इजा करते, आणि ती इजा भरून येत नाही.

नावेसाठी आज सर्वांत जास्त पसंती असते ती लिथियम आयर्न फॉस्फेट या प्रकाराला. 1997 साली अमेरिकेत जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून या पदार्थाची माहिती जगापुढे आली, आणि त्या शोधनिबंधावर पहिलं नाव होतं मूळच्या ओडिशातल्या अक्षय पाढी यांचं. याच गुडइनफना 2019 साली, वयाच्या 97 व्या वर्षी, लिथियम-आयन बॅटरीच्या कामासाठी दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं. ही बॅटरी सहजासहजी पेट घेत नाही, हजारो वेळा भरता-उतरवता येते आणि तिच्यात कोबाल्टसारखा महागडा धातू नसतो. भर पाण्यात नाव असताना आग लागली तर पळायला जागा नसते; म्हणून नावेत सहजी न पेटण्याचा हा गुण बाकी सगळ्या गुणांच्या वर ठेवायला हवा. पण हा पदार्थ मुळातच विजेचा मंद वाहक आहे. कणांवर कार्बनचा पातळ थर चढवून त्याला कामाला लावलं जातं. त्यामुळे निकेल असलेल्या लिथियम बॅटरीपेक्षा थंडी त्याला जरा जास्तच बाधते.

आत काय चालतं ते पाहू. सेलच्या एका बाजूला हे फॉस्फेट, दुसऱ्या बाजूला ग्रॅफाइट, मध्ये सच्छिद्र पडदा आणि सगळीकडे भिनलेला एक द्रव. बॅटरी भरताना लिथियमचे आयन फॉस्फेटमधून निघतात, द्रवातून वाट काढत ग्रॅफाइटपर्यंत येतात आणि त्याच्या थराथरांत शिरून बसतात. वापरताना तेच उलट दिशेने परततात. थंडीत हा द्रव दाटतो. घरातलं खोबरेल तेल हिवाळ्यात जसं आधी संथ होतं आणि मग बाटलीत गोठून बसतं, तसं हे गोठत नाही, पण संथपणा नक्की येतो. शिवाय ग्रॅफाइटवर एक पातळ कवच तयार झालेलं असतं, ते ओलांडायलाही आयनांना थंडीत जास्त वेळ लागतो. आणि खुद्द ग्रॅफाइटच्या थरांतून आत सरकण्याचा वेग तर फारच मंदावतो.

वापरताना याचा परिणाम सरळ दिसतो. सेलचा आतला अडथळा वाढतो. मोटरला जोर दिला की व्होल्टेज खाली बसतं. शून्य अंशाला अशी बॅटरी साधारण 80 ते 90 टक्के वीज देते, उणे 20 ला निम्म्याच्या आसपास. उरलेली वीज कुठे हरवत नाही. सेल उबदार झाला की ती परत मिळते. शिवाय चालताना याच अडथळ्यामुळे सेल आतून तापू लागतो आणि पंधरा-वीस मिनिटांत स्वतःच थोडा सावरतो. म्हणून गारठ्यात नाव सुरू करताना पहिला काही वेळ मोटर धीम्या गतीने चालवावी. एकदम पूर्ण जोर दिला तर व्होल्टेज इतकं खाली बसू शकतं की बॅटरीतलं संरक्षक सर्किट, ज्याला सगळे बीएमएस म्हणतात, ते बॅटरी संपली असं समजून पुरवठाच तोडतं. आत वीज शिल्लक आणि नाव मात्र पाण्याच्या मधोमध थांबलेली, असा प्रसंग यातूनच येतो. अशा वेळी भार काढून दोन मिनिटं थांबावं आणि हळू गतीने पुन्हा सुरू करावं.

भरतानाची गोष्ट निराळी. चार्जर बाहेरून ढकलत असतो आणि आयन ग्रॅफाइटच्या दारापर्यंत येऊन पोचतात, पण आत शिरण्याचा वेग मंदावलेला असतो. मागून रेटा चालूच. मग आत जायला वाव न मिळालेले आयन ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावरच धातू होऊन बसतात. लिथियमचा मुलामा चढतो. यातला काही भाग पुढे विरघळून परत कामाला येतो, पण बराचसा द्रवाशी रासायनिक क्रिया करून कायमचा निकामी होतो. तेवढी बॅटरीची क्षमता गेली ती गेलीच. शिवाय हा धातू सपाटच बसेल असं नाही. त्याला सुईसारखे कोंब फुटू शकतात आणि ते मधल्या पडद्यात घुसले तर आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका असतो. यातली सर्वांत वाईट बाब म्हणजे त्या क्षणी बाहेरून काहीच कळत नाही. चार्जर व्यवस्थित चालतो, हिरवा दिवा लागतो, बॅटरी भरल्यासारखी दिसते. नुकसान काही महिन्यांनी, फेरी अर्ध्यावर संपू लागली की उमगतं.

म्हणूनच बॅटरीच्या खोक्यावरच्या लेबलावर तापमानाच्या दोन ओळी असतात. साधारणपणे वापरासाठी उणे 20 ते 60 अंश, आणि भरण्यासाठी 0 ते 45 अंश. बॅटरी घेताना लोक अँपिअर-अवर पाहतात, किंमत पाहतात, हमीची वर्षं पाहतात. या दोन ओळींवर नजर क्वचित जाते.

आता सिल्वासाकडे परत येऊ, कारण इथे पारा शून्याच्या जवळपासही जात नाही. पण शून्य ही काही भिंत नव्हे, की अलीकडे सगळं सुरक्षित आणि पलीकडे सगळं घातक. मुलामा चढणार की नाही हे तीन गोष्टी मिळून ठरवतात: सेल किती थंड आहे, चार्जर किती जोराने ढकलतो आहे आणि ग्रॅफाइट आधीच किती भरलेलं आहे. चांगल्या कंपन्यांच्या माहितीपत्रकात म्हणूनच एक कोष्टक असतं: तापमान जितकं कमी, तितका चार्जिंगचा करंट कमी. 100 अँपिअर-अवरची बॅटरी 25 अंशांना 50 अँपिअरने दोन तासांत भरायला हरकत नसते. तीच 10-12 अंशांना 20 अँपिअरने पाच तास घेऊन भरणं शहाणपणाचं, आणि शून्याच्या अगदी वर असेल तर त्याहूनही सावकाश. दुधनीच्या धुक्यात पहाटे सहाला मोठा फास्ट चार्जर लावून, आधीच 80 टक्के भरलेली बॅटरी घाईघाईने शंभरावर नेणं हे इथल्या हवेतही तिच्या आयुष्याला कात्री लावणारं आहे.

उपायाला एक पैसाही लागत नाही. बॅटरी पहाटे न भरता संध्याकाळी भरावी. शेवटची फेरी करून नाव काठाला लागते तेव्हा दिवसभराच्या कामाने सेल उबदार असतात, हवाही अजून निवलेली नसते. तेव्हाच चार्जिंगला लावली तर रात्रीच्या गारठ्याआधी बरंचसं काम उरकतं. सिल्वासाच्या हिवाळ्यात एवढं पाळलं तरी पुरे.

मात्र महाराष्ट्रात एक ठिकाण असं आहे, जिथे हा प्रश्न खरोखर शून्याला जाऊन भिडतो. महाबळेश्वरचं वेण्णा तळं. साताऱ्याचे राजे आप्पासाहेब महाराज यांनी 1842 साली बांधून घेतलेल्या या तळ्यावर जवळजवळ दर हिवाळ्यात एक बातमी येते: दवबिंदू गोठले, हिमकण पडले. छायाचित्रांत नौकाविहाराच्या जेट्टीवर, मोटारींच्या टपांवर आणि आसपासच्या स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो. त्याच पहाटे गावातल्या तापमापकावर मात्र पारा शून्याच्या बराच वर असतो. हे दोन्ही खरं असतं.

निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीवरची प्रत्येक वस्तू आपली उष्णता किरणांच्या रूपाने उघड्या आकाशाकडे सोडत राहते. पातळ पत्रा, पान, लाकडी फळी, फायबरची बैठक यांच्यात साठवलेली उष्णता थोडी आणि आकाशाकडे असलेलं अंग मोठं. त्यामुळे या वस्तू भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात. त्यात तळं खोलगट जागी असल्याने उतारांवरची जड, गार हवा रात्रभर खाली ओघळून तिथे साचते. गावातला तापमापक सावलीत, जमिनीपासून वर टांगलेला असतो, त्याला हे दिसत नाही. म्हणजे नावेच्या उघड्या टोकाशी, बैठकीच्या पातळ फळीखाली ठेवलेली बॅटरी मोबाइलवर दिसणाऱ्या तापमानापेक्षा कितीतरी थंड असू शकते. हवामानाचा आकडा पाहून चार्जर लावणं धोक्याचं ठरतं ते इथे.

आता त्याच नावेचा तळ पाहा. तळ्याचं पाणी गोठलेलं नसतं. पाण्यात उष्णता साठवण्याची ताकद प्रचंड. एक लिटर पाणी एका अंशाने निवण्यासाठी जेवढी उष्णता सोडतं, तेवढ्यात तीनएक हजार लिटर हवा एका अंशाने तापते. नावेचा तळ या पाण्याला टेकलेला असल्याने तो पाण्याच्याच तापमानाच्या जवळ राहतो. म्हणून बॅटरी पाण्याच्या पातळीखाली, तळाशी, बंद आणि कोरड्या पेटीत ठेवली, वरून जाड फोमचा थर दिला आणि तळाकडची बाजू उघडी सोडली, तर वर हिमकण पडत असतानाही ती शून्याच्या वर राहू शकते. वजन खाली गेल्याने नावेचा तोलही सुधारतो. पेटीत पाणी शिरणार नाही एवढी काळजी घेतली की झालं. आणि बॅटरी लहान असेल तर त्याहून सोपा मार्ग आहे. 100 अँपिअर-अवरची 12.8 व्होल्टची बॅटरी 11-12 किलोंची असते. रात्री उचलून घरात आणावी आणि घरातच भरावी. गार बॅटरी दमट, उबदार खोलीत आणली की तिच्यावर दव धरतं, तेव्हा टर्मिनल कोरडी पुसून आणि तासा-दोन तासांनी सेलचा गारवा गेल्यावरच चार्जर जोडावा.

बॅटरीच्या आत कोणी पहारेकरी नसतो का? असतो, पण प्रत्येक बॅटरीत नसतो, हे खरं दुखणं आहे. बीएमएसला जोडलेल्या दोन बारीक तारा सेलांच्या मध्ये गेलेल्या असतात आणि त्यांच्या टोकाला मोहरीहून जरासा मोठा मणी असतो. हा थर्मिस्टर. नेहमीच्या प्रकाराचा अडथळा 25 अंशांना 10 हजार ओहम असतो. गारठा वाढला की तो चढत जातो आणि शून्य अंशाला 30 हजारांच्या वर पोचतो. बीएमएस एवढाच आकडा वाचतं आणि चार्जिंग चालू ठेवायचं की तोडायचं ते ठरवतं. मणी नीट सेलच्या अंगाला चिकटवलेला हवा. तो सर्किटच्या पट्टीवरच लोंबकळत असेल तर पट्टीची ऊब मोजतो आणि गार सेलला खुशाल भरू देतो. स्वस्त बीएमएसमध्ये जास्त तापमानाला तोडण्याची सोय असते, कमी तापमानाला तोडण्याची नसते. दुकानदाराला विचारायचा नेमका प्रश्न हा: शून्याखाली चार्जिंग आपोआप बंद होतं का? नुसतं 'बीएमएस आहे' या उत्तरावर समाधान मानू नये.

याच्या पुढची पायरी म्हणजे स्वतःला तापवणारी बॅटरी. तिच्या सेलांभोवती तापणारा पातळ पट्टा असतो. चार्जर जोडला की बीएमएस आधी सगळी वीज त्या पट्ट्याकडे वळवतं, आणि सेल पाचएक अंशांच्या वर गेल्यावर मगच भरायला सुरुवात करतं. यात वीज फार जाते असं अनेकांना वाटतं. हिशोब करून पाहा. 12 किलोंची बॅटरी एका अंशाने तापवायला साधारण 12 किलोज्यूल लागतात. 10 अंशांना 120 किलोज्यूल, म्हणजे 33 वॉट-अवर. बॅटरीत असतात 1,280 वॉट-अवर. बाहेर निसटणारी उष्णता धरली तरी खर्च तीन-चार टक्क्यांचा. 100 वॉटच्या पट्ट्याला अर्ध्या तासाच्या आतबाहेरचं काम.

जुन्या शिशाच्या बॅटरीवरून लिथियमवर येणाऱ्यांना आणखी एक अडचण भेटते. शिशाच्या बॅटरीला गारठ्यात भरताना थोडं जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून तिचे चांगले चार्जर थंडीत आपोआप व्होल्टेज चढवतात. 12 व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे साधारण 24 मिलीव्होल्ट. 25 अंशांना 14.4 व्होल्ट देणारा असा चार्जर 5 अंशांना 14.9 व्होल्ट देऊ लागतो. चार सेलांच्या लिथियम फॉस्फेट बॅटरीची वरची मर्यादा आहे 14.6. म्हणजे बॅटरी सर्वांत नाजूक असते नेमक्या त्याच वेळी जुना चार्जर तिला सर्वांत जास्त रेटतो. बॅटरी बदलताना चार्जरही बदलावा, नाहीतर त्यातली ही सोय बंद करून घ्यावी.

छपरावर सौर पॅनेल असलेल्या नावेत हाच गोंधळ दुसऱ्या वाटेने येतो. सौर पॅनेलचं व्होल्टेज गारठ्यात वाढतं, दर अंशाला साधारण 0.3 टक्के. थंड, स्वच्छ सकाळी पहिलं ऊन पडताच ते वर्षातल्या सर्वांत वरच्या टोकाला असतं. पॅनेल निवडताना ही जादा वाढ कंट्रोलरला झेपेल असं पाहावं, आणि कंट्रोलरला बॅटरीच्या तापमानाची तार जोडलेली असावी. नाहीतर माणूस झोपेत असतानाच सूर्य चार्जिंग सुरू करतो.

आपल्या देशात विजेच्या नावा आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. केरळात वैकम ते तवणक्कडवू या मार्गावर 75 प्रवाशांची 'आदित्य' ही सौर नौका जानेवारी 2017 पासून धावते आहे. कोचीची वॉटर मेट्रो एप्रिल 2023 मध्ये सुरू झाली. तिच्या नौकांत वेगळ्या जातीची बॅटरी आहे, लिथियम टायटनेट. तिच्यात ग्रॅफाइटच्या जागी टायटनेट असतं, आणि ते ज्या विद्युत पातळीवर काम करतं तिथे लिथियमचा मुलामा चढण्याची वेळच सहसा येत नाही. त्यामुळे प्रवासी चढ-उतार करतात तेवढ्या 10-15 मिनिटांत ती भरता येते. कोचीला थंडी नाही, तिथे ती निवडली ती जलद चार्जिंगसाठी आणि सुरक्षिततेसाठी; पण तोच गुण तिला गारठ्यातही उपयोगी ठरवतो. महाग आहे, जड आहे, हे तिचे दोष. नॉर्वेत 2015 साली सोग्न फियॉर्डवर 'अँपिअर' ही मोटारी वाहून नेणारी विजेची फेरीबोट सुरू झाली, जवळजवळ एक हजार किलोवॉट-अवरच्या बॅटऱ्यांवर. एवढ्या मोठ्या नौकेवर बॅटऱ्यांसाठी तापमान सांभाळलेली स्वतंत्र खोली परवडते. अडचण आहे ती लहान नावेची. श्रीनगरला 2021 च्या जानेवारीत पारा उणे 8 अंशांच्या खाली गेला, दल सरोवर गोठलं. अशा जागी हंगामाभर बॅटरी उतरवून घरात ठेवणं यालाच पर्याय नाही.

सिल्वासाच्या नावाड्याने मात्र हिवाळ्याची धास्ती घेऊ नये. त्याच्या बॅटरीचा खरा वैरी एप्रिल-मे आहे. तापमान दर 10 अंशांनी वाढलं की सेल म्हातारा होण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, आणि उन्हात उभ्या नावेतली बंद पेटी बाहेरच्या हवेपेक्षा खूपच तापते. पूर्ण भरलेली बॅटरी अशा उकाड्यात पडून राहणं सर्वांत वाईट. पावसाळ्यात फेऱ्या बंद राहिल्या तर ती निम्मी भरून, तारा सोडवून, कोरड्या आणि सावलीच्या जागी ठेवावी; दोन महिन्यांनी एकदा व्होल्टेज पाहावं.

थंडीचा धसका नसलेल्या बॅटरीचा शोधही जवळच चालू आहे. पुण्यातल्या केपीआयटी कंपनीने डिसेंबर 2023 मध्ये सोडियम-आयन बॅटरीचं तंत्र जाहीर केलं. ते पुण्याच्याच आयसर या संस्थेच्या सहकार्याने घडलं आहे. सोडियम मिठातून मिळतं, लिथियमसारखं बाहेरून आणावं लागत नाही, आणि सोडियमचे सेल गारठ्यात लिथियम फॉस्फेटपेक्षा कमी कोलमडतात. वजनाच्या मानाने वीज कमी साठते. मोटारीत हा दोष बोचतो. पाण्यावर तरंगणाऱ्या, सावकाश चालणाऱ्या शिकाऱ्याला चार-पाच किलो जास्त वजनाने फारसा फरक पडत नाही, म्हणून या बॅटरीची पहिली चांगली जागा रस्त्यापेक्षा तळ्यावर असेल असं मला वाटतं.